परक्या नदीकाठचा अग्नी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दरवर्षी मी एखाद्या लोणच्याची नाही तर वड्यांची कृती देते आणि मोकळी होते. पण यंदा त्या म्हणाल्या, “कृती पुष्कळ झाल्या, मनातले काही लिहा.” आता मनातले म्हटले तर गेली काही वर्षे एकच प्रश्न आमच्या घरात ठाण मांडून बसला होता. मेल्यावर माणसाचे पुढे काय होते? शुभ प्रसंगाच्या अंकात हा विषय काढावा की नाही, असा विचार मनात आला. परंतु ज्या घरात माणसे आहेत त्या घरात हा प्रश्न येतोच. तेव्हा संकोच सोडून लिहिते.

सन २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचे मामंजी गेले. ते दवाखान्यात आणि आम्ही घरी. ह्यांनाही ताप होता, त्यामुळे ह्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचे नव्हते. पहाटे फोन आला आणि दुपारपर्यंत सर्व आटोपलेही. मुखात पाणी नाही, अंगावर घरचे वस्त्र नाही, पोटच्या मुलाच्या हातचा अग्नी नाही. ज्यांची नावेसुद्धा आम्हाला माहीत नाहीत, अशा महापालिकेच्या माणसांनी पंचगंगेच्या स्मशानात त्यांना अग्नी दिला. रक्षाविसर्जनालाही कोणी गेले नाही. बाराव्या दिवशी सासूबाईंनी गच्चीच्या कठड्यावर भाताचा पिंड ठेवला आणि उन्हात उभ्या राहिल्या. कावळा समोरच्या तारेवर बसून राहिला, पण शिवला नाही.

तेव्हापासून सासूबाईंनी एकच धोसरा धरला. “त्यांना गती मिळाली नाही ग. ते वाटेतच कुठेतरी अडकलेत.” आपल्याकडे ज्या जागी माणसाने प्राण सोडला तेथे पीठ पसरून, वर दिवा ठेवून टोपलीने झाकतात आणि सकाळी त्यात कसले पाऊल उमटले ते पाहून पुढचा जन्म ओळखतात. तेही करता आले नाही, कारण प्राण गेला तो परक्या खाटेवर. मी पुष्कळ समजूत घातली, पण खरे सांगायचे तर माझ्याही मनात तीच शंका होती. नदीकाठी नीट काही झाले नाही, मंत्र कोणी म्हटले नाहीत, मुलाने अग्नी दिला नाही. मग माणूस पुढे जातो तरी कसा?

असे असता एके दिवशी थोरल्या मुलीने एक हकीकत सांगितली. ती राजाराम कॉलेजात शिकते. ज्यांचे नाव आपल्या कॉलेजला आहे ते राजाराम महाराज कोण, म्हणून तिने माहिती काढली होती. आपल्यापैकी पुष्कळजणींना शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज ठाऊक आहेत. हे ते नव्हेत. हे त्यांच्या आधीचे, शाहू महाराज गादीवर येण्यापूर्वीचे.

हे महाराज जन्माने पाटणकरांच्या घराण्यातले, म्हणजे छत्रपतींच्या बहिणीचे पुत्र. १८६६ साली बाबासाहेब महाराज वारले तेव्हा ते दत्तक येऊन गादीवर बसले. त्या वेळी वय अवघे सोळा. ते इंग्रजी शिकले आणि १८७० च्या मे महिन्यात मुंबईहून आगबोटीने विलायतेस निघाले. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, असे मानण्याचे ते दिवस. तरी हा विशीतला मुलगा गेला. लंडन पाहिले, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली आणि जे जे पाहिले ते रोज वहीत टिपून ठेवले. ती रोजनिशी त्यांच्यामागे १८७२ साली लंडनमध्ये छापून निघाली. त्यांच्याबरोबर असलेले कॅप्टन वेस्ट यांनी ती छापविली.

परत येताना युरोपात फ्रान्स आणि जर्मनीची लढाई पेटलेली होती. बेल्जियम, जर्मनी असे करीत मंडळी ऑस्ट्रियातील इन्सब्रुक या डोंगरातल्या गावी आली. तेथे महाराजांची प्रकृती बिघडली. तशाच स्थितीत त्यांना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी आणले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथल्या एका हॉटेलात त्यांचे देहावसान झाले. एकविसावे वर्ष चालू होते. आपल्या पोराबाळांचे वय डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पोटात कसे होते ते कळेल.

आता पुढची अडचण पाहा. तो सर्व ख्रिस्ती मुलूख. तेथे प्रेत पुरतात. दहन करण्याची तेथे रीत नव्हती आणि परवानगीही नव्हती. इटलीतील मिलान शहरात दहनाची भट्टी निघाली ती १८७६ साली, आणि इंग्लंडात तशा भट्टीत पहिले दहन झाले ते १८८५ साली. हे त्याच्याही आधीचे. इकडे महाराजांबरोबरच्या मंडळींपुढे प्रश्न पडला. छत्रपतींचा देह परक्या मातीत पुरावा तर कसा? आणि कोल्हापूरपर्यंत आणावा तर कसा? आपल्या पंचगंगा घाटावर छत्रपतींच्या घराण्यातील समाधीमंदिरे आहेत. त्यांच्या रांगेत जाऊन बसणे ह्या मुलाच्या नशिबी नव्हते.

शेवटी त्या मंडळींनी तेथल्या सरकारकडे शब्द टाकला. आमच्या धर्माप्रमाणे दहन झाले पाहिजे, आणि ते दोन नद्या मिळतात तेथे झाले पाहिजे. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तेथल्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. त्या शहरातून आर्नो नावाची नदी वाहते. शहराबाहेर, एका मोठ्या उद्यानाच्या टोकाला, मुन्योने नावाची लहान नदी तिला येऊन मिळते. तेथे, त्या संगमावर, चिता रचली आणि थंडीच्या दिवसांत रात्रीच्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांना अग्नी दिला. असे कधी न पाहिलेले शहरातील लोकही तेथे जमले होते. राख त्याच पाण्यात सोडली.

मुलगी हे सांगत असता सासूबाई कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी एकदम विचारले, “त्या बागेचे नाव काय म्हणालीस?” मुलगी म्हणाली, “काश्शीने.”

“म्हणजे काशीच की!” सासूबाई म्हणाल्या.

मुलगी हसली. “काशी नव्हे, आज्जी. त्यांच्या भाषेत गाईगुरांच्या गोठ्यांची जागा असा अर्थ आहे. पूर्वी तेथल्या राजघराण्याचे गोठे आणि शेती तेथे होती.”

“मग गोठा तर गोठा. गाय तर होती ना?” असे म्हणून सासूबाई पुन्हा शेंगा फोडू लागल्या. पण त्या दिवसापासून त्या मुलाविषयी वरचेवर विचारू लागल्या. त्याच्याजवळ कोण होते, रडायला कोणी होते का, पाऊस होता का, सर्व काही.

मी विचार करू लागले. आपल्याला संगमाचे महत्त्व कोणी सांगायला नको. चार नद्या दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त, म्हणून आपली पंचगंगा. प्रयाग चिखलीला आपण माघात स्नानाला जातो तो संगमच. ही पंचगंगा पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते तोही संगमच. त्या परमुलुखातल्या माणसांनी दुसरे काय केले? पंचगंगा नाही मिळाली, तर दोन नद्या कोठे मिळतात ते शोधले. नदी परकी, नाव परके, पण पाण्याला पाणी मिळत होते तेवढे त्यांनी पुरेसे मानले. त्या संगमाला त्याआधी कोणी तीर्थ म्हटले नव्हते. मनात दुःख घेऊन हात जोडणारी माणसे तेथे उभी राहिली म्हणून ते तीर्थ झाले. मग माझ्या मामंजींना तर प्रत्यक्ष पंचगंगेचा काठ मिळाला होता. परके होते ते फक्त हात.

नदीचे हे असे. आता मंत्रांचे पाहू. राजाराम महाराजांच्या मागे एक छत्रपती गादीवर बसून गेले आणि १८८४ साली शाहू महाराज दत्तक आले. १८९९ च्या कार्तिकात ते आपल्या ह्याच पंचगंगेवर स्नानास गेले असता पुरोहिताने वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हटले. तुम्हाला वेदांच्या मंत्रांचा अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे. छत्रपतींच्या घाटावर छत्रपतींनाच! त्यावरून केवढे वादळ उठले ते कोल्हापुरात लहान मुलालाही ठाऊक आहे. पुढे १९२० साली महाराजांनी वैदिक विद्यालय काढून मराठा समाजातल्या मुलांना पुरोहिताचे शिक्षण देण्याची सोय केली आणि क्षात्रजगद्गुरूंचे पीठही निर्माण केले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. देह कोल्हापुरास आणला आणि पंचगंगेच्या काठी दहन झाले.

माझ्यासारख्या बाईला शास्त्रातले काय कळणार? पण एवढे कळते की, कोणी कोणता मंत्र म्हणावा हे भांडण माणसांनी माणसांशी केले. मेलेल्या माणसाने येऊन कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

तिसरी गोष्ट अग्नी देणाऱ्याची. मुलगा नसला, किंवा मुलगा असून हजर नसला, तर काय? मला दोन मुलीच आहेत, म्हणून ही शंका मला जास्तच टोचत असे. यावर एक गोष्ट सांगते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीराव फुले वारले. त्यांना पोटचे मूल नव्हते, यशवंत हा दत्तक मुलगा होता. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी हरकत काढली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वतः टिटवे हाती घेतले, यात्रेच्या पुढे चालल्या आणि पतीला अग्नी दिला. सव्वाशे वर्षांहून जुनी ही गोष्ट. त्या काळी बायका स्मशानाच्या वाटेलाही जात नसत. पुढे १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने सावित्रीबाई गेल्या. जोतीरावांना गती मिळाली नाही असे म्हणण्याची आज कोणाची छाती आहे?

आता गती म्हणजे काय, हे मी सांगू शकत नाही. आमच्या गल्लीतच पाहा ना. समोरचे लिंगायत कुटुंब आहे. त्यांच्यात माणूस गेला की लिंगैक्य झाला म्हणतात, बसवून पुरतात आणि सुतक मानत नाहीत. शेजारच्या जैन वहिनी म्हणतात, जीव एक देह सोडतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो, मग पिंड कोणासाठी ठेवायचा? कोपऱ्यावरच्या भाभी सांगतात, कयामतच्या दिवसापर्यंत सगळ्यांनी वाट पाहायची. आमच्या वारकरी आत्या म्हणतात, नाम घेतले की झाले, बाकी विठ्ठल बघून घेईल. आणि माझी धाकटी मुलगी म्हणते, दिवा विझला की ज्योत कोठे गेली असे आपण विचारतो का? एकाच गल्लीत पाच उत्तरे. पण भगिनींनो, मामंजी गेले तेव्हा ह्या सर्व घरांतून आमच्या दारात डबे येत होते. दाराबाहेर ठेवायचे आणि लांबूनच हाक मारायची. मेल्यानंतर काय, यावर त्यांचे एकमत नव्हते. मागे राहिलेल्यांसाठी काय करायचे, यावर मात्र सर्वांचे एकमत होते.

पुढे ह्यांना बरे वाटल्यावर ते एकदा स्मशानात जाऊन आले. तेथे त्या दिवसांत काम करणारा एक माणूस भेटला. ह्यांनी विचारले, “आमच्या वडिलांना अग्नी कोणी दिला असेल?” तो म्हणाला, “साहेब, त्या दिवसांत नाव लक्षात राहणे शक्य नव्हते. पण प्रत्येकाला अग्नी देण्याआधी आम्ही हात जोडत होतो. घरचे कोणी नाही, मग आपणच घरचे.” हे घरी येऊन सांगताना ह्यांना बोलवेना. त्या दिवसांत मुसलमान समाजातली तरुण मुलेसुद्धा हिंदू मृतांच्या अंत्यविधीसाठी पुढे आली होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. फ्लॉरेन्सच्या त्या अधिकाऱ्यांनी परक्या धर्माच्या मुलासाठी जशी वाट काढून दिली, तशीच ही वाट.

आणि आपल्या कोल्हापूरची एक गोष्ट मला फार अभिमानाची वाटते. येथे महापालिका दहनाचे पैसे घेत नाही. चितेला शेणी लागतात. होळीच्या दिवसांत तालमी आणि मंडळे होळी लहान करून शेणी स्मशानाला देतात. कोणत्या घरची शेणी कोणाच्या चितेला लागली, हे कधी कोणाला कळत नाही. मामंजींच्या चितेत कोणा गल्लीतल्या, कोणा म्हातारीने थापलेली शेणी असेल. ज्याला कोणी नाही त्यालाही कोल्हापुरात अशी सारी माणसे असतात.

राजाराम महाराजांची हकीकत अजून थोडी राहिली. १८७४ साली त्या संगमावर त्यांचे स्मारक उभे राहिले. चार खांबांवर छत्री, आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा केला मेजर मेंट यांनी. आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच हे मेंटसाहेब. म्हणजे आपल्याकडे रोज जाता-येता दिसणाऱ्या इमारतींचे एक भावंड तेथे आर्नोच्या काठी उभे आहे. तेथले लोक त्या जागेला त्यांच्या भाषेत ‘इंडियानो’, म्हणजे हिंदी माणूस, असे म्हणतात. १९७८ साली तेथून जवळच नदीवर मोठा पूल झाला, त्या पुलालाही हेच नाव पडले. रोज हजारो माणसे त्या पुलावरून जातात. त्यांतल्या किती जणांना कोल्हापूर ठाऊक असेल? पण विशीत गेलेल्या आपल्या मुलाची आठवण त्यांच्या बोलण्यात रोज येते. इकडे त्याच्या नावाचे कॉलेज १८८० पासून चालू आहे आणि त्यात माझी मुलगी शिकते. मेल्यावर माणूस कोठे जातो ते मला माहीत नाही. पण कोठे कोठे राहतो, ते थोडेसे समजू लागले आहे.

गेल्या पितृपंधरवड्यात आम्ही म्हाळ घातला. खीर, वडे, आमटी, अळूची भाजी, मामंजींना आवडणारी गवारीची भाजी, सर्व केले. गच्चीवर पान न्यायच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, “आणखी एक पान वाढ.” मी विचारले, “कोणासाठी?” त्या म्हणाल्या, “त्या पोरासाठी. तिकडे गारठ्यात एकटे आहे. त्याला आईच्या हातचे कोण देणार? आणि ह्यांनाही सोबत होईल.”

दोन पाने कठड्यावर ठेवली. दरवर्षी सासूबाई ऊन चढेपर्यंत कावळ्याची वाट पाहत उभ्या राहायच्या. ह्या खेपेस त्यांनी हात जोडले, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, “चल, पोरी उपाशी आहेत.” आम्ही दोघी खाली आलो. कावळा आला की नाही, ते आम्ही पाहिले नाही. दुपारी मुलगी गच्चीवर गेली तेव्हा दोन्ही पाने रिकामी होती, आणि ती कोणी खाल्ली हे कोणी विचारले नाही.

भगिनींनो, माझा लेख येथे संपला. यंदाच्या होळीला आपल्या मंडळातर्फे शेणी द्याव्यात, अशी माझी सूचना आहे. घरटी पाच दिल्या तरी पुष्कळ होतील. कोणाला उपयोगी पडतील हे आपल्याला कळणार नाही, आणि कळण्याचे कारणही नाही. चिटणीसबाईंकडे नावे नोंदवावीत. लिहिण्यात काही चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.